शहाळ्याचे पाणी आणि रक्ताची चाळण

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका भगिनीने आम्हांस थांबविले. तिच्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस पहाटेच्या पहिल्या बसने ती त्यांना जिल्ह्याच्या गावी नेते. तेथे चार तास त्यांना यंत्रास जोडून ठेवतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास दोघे घरी परततात. अशा आजारात घराची काय दशा होते हे वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या दिवशी तिची तक्रार आजाराविषयी नव्हती. ती होती शहाळ्यांविषयी.

“भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो,” ती म्हणाली. “प्रेमाने आणलेले नको कसे म्हणायचे? खाटेखाली सात शहाळी पडून आहेत. डॉक्टर म्हणतात, एक घोटही द्यायचा नाही. आणि हे मला विचारतात, ‘यंत्र जर माझे सारे रक्त धुऊन काढते, तर घोटभर शहाळ्याचे पाणी धुऊन काढणे त्याला एवढे जड आहे काय?’ मी त्यांना काय सांगू?”

पायऱ्यांवर उभ्या उभ्या आम्ही “डॉक्टरांचे ऐकावे” एवढेच म्हणालो. आणि म्हणताक्षणीच हे काही उत्तर नव्हे, हे आमच्या ध्यानी आले. तहानलेल्या माणसाला नुसती आज्ञा पुरत नाही. त्याने विचारलेला प्रश्न खरोखर शहाणपणाचा आहे, आणि त्याचे उत्तर त्या यंत्रातील एका पातळ पडद्यापाशी जाऊन पोहोचते. आजचे सदर त्या पडद्यासाठी.

यंत्र रक्त ‘धुते’ हा शब्दप्रयोगच मुळी फसवा आहे. धुणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगड, साबण आणि वाहते पाणी येते. मळ तेवढा निघून जातो आणि वस्त्र तेवढे मागे राहते. त्या यंत्रात असे काही घडत नाही. तेथे घडते ते चाळणे. पिठाच्या चाळणीत कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडते, ते कोंडा वाईट व पीठ चांगले म्हणून नव्हे. कोंड्याचा कण भोकाहून मोठा आणि पिठाचा कण लहान, एवढ्यावरच सारा निकाल लागतो. पिठात विषाची भुकटी मिसळली तर चाळण तीही तितक्याच निर्विकारपणे खाली सोडील. हे एक वाक्य वाचकांनी मनाशी धरून ठेवावे. पुढचे बरेचसे त्यातूनच निघणार आहे.

आता, आपल्या घरची कोणतीही चाळण रक्तासाठी उपयोगी नाही. चक्क्याचे दही टांगण्याचे तलम फडके घेतले तरी त्यातून मिठाचे पाणी जसेच्या तसे गळून जाते, कारण विरघळलेल्या मिठाचे कण त्या धाग्यांमधील अंतराच्या मानाने अत्यंत सूक्ष्म असतात. रक्तातील मळही असाच विरघळलेला असतो. आपण खाल्लेल्या डाळीमासळीतील प्रथिने शरीरात वापरली गेली की शेवटी युरिया नावाचा पदार्थ उरतो. स्नायूंच्या नित्य झिजेतून क्रिएटिनिन निर्माण होते. हे दोन्ही निरोगी माणसाच्या लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे थांबली की ते रक्तात साचू लागतात. त्यांना चाळून काढावयाचे तर भोके रेणूंच्या मापाची हवीत.

हायड्रोजनच्या अणूचे वजन १ धरले तर पाण्याचा रेणू १८ भरतो, युरियाचा ६०, क्रिएटिनिनचा ११३, आणि ग्लुकोज साखरेचा १८०. याउलट रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन, जे शरीराला अत्यावश्यक आहे, सुमारे ६६,००० भरते. वजनात हजारपटीचा फरक पडला तरी रुंदीत तो दहा-पंधरा पटींचाच असतो. पण चाळणीला तेवढा पुरेसा आहे. रक्तातील तांबड्या पेशी तर या सर्वांपुढे पर्वतासारख्या. त्यांचा व्यास मिलिमीटरचा सात-आठ हजारांश. तेव्हा ज्याची छिद्रे मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या काही पटींची आहेत असा पडदा मिळाला, तर युरिया पार जाईल, अल्ब्युमिन व पेशी अलीकडे राहतील. अशा पडद्यास विज्ञानात अर्धपार्य पडदा म्हणतात, म्हणजे काहींना पार होऊ देणारा व काहींना न देणारा.

असा पडदा माणसाने प्रथम निर्माण केला नाही. तो त्यास कत्तलखान्यात सापडला. इ. स. १७४८ मध्ये फ्रान्समधील आबे ज्याँ-आंत्वान नोले यांनी, मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. मद्यार्कात हवा शिरू नये एवढाच त्यांचा हेतू होता. काही तासांनी पाहतात तो मूत्राशय फुगून घुमटासारखे झाले होते, आणि टाचणी टोचताच आतील द्रव कारंज्यासारखा उडाला. पाणी त्या कातड्यातून आत शिरले होते. मद्यार्काला मात्र तितक्या सहजतेने बाहेर पडता आले नव्हते. हे नोले आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मसेवकवर्गातील होते, डिकनपदाची दीक्षा घेतलेले. विजेचा धक्का किती माणसांतून एकाच वेळी जातो हे पाहण्यासाठी त्यांनी कार्थुसियन मठवासींची लांब रांग उभी करून सर्वांना एकदम उडी मारावयास लावली होती, ही त्यांची दुसरी कीर्ती. त्या मठवासींना काय वाटले असेल ते देव जाणे.

नोले यांचा प्रयोग आपल्या घरी कोंबडीच्या अंड्यावर करता येतो, आणि मुलांना तो फार आवडतो. कच्चे अंडे व्हिनेगरमध्ये, आपल्याकडचे माडाचे असले तरी चालेल, एक-दोन दिवस बुडवून ठेवावे. बुडबुडे येऊन कवच विरघळून जाते आणि आतील पातळ पापुद्र्यात अंडे लुसलुशीत उरते. ते हलक्या हाताने साध्या पाण्यात ठेवले तर रात्रीतून फुगते. साखरेच्या दाट पाकात ठेवले तर सुरकुतते. पाणी पापुद्र्यातून ये-जा करते, अंड्यातील प्रथिने मात्र मोठी असल्यामुळे आतच अडकून राहतात. प्रयोग झाल्यावर ते अंडे कोणी खाऊ नये.

आता खरी गोम पाहू. परसात काठ्यांचे कुंपण घातले आहे. काठ्यांमधील फटी अशा की कोंबडीची पिले आरपार जातात, कोंबड्या अडतात. कुंपणाच्या आत शंभर पिले आहेत आणि बाहेर एकही नाही. पिलांना कोणी हाकलत नाही. ती आपली इकडेतिकडे बागडत असतात. पण बागडता बागडता काही बाहेर जाणारच, आणि बाहेरून आत येण्यास कोणीच नसल्यामुळे आतील संख्या घटत जाईल. आत पन्नास व बाहेर पन्नास झाली की जितकी जातील तितकी येतील, आणि संख्या तेथेच थांबेल. बाहेरची पिले सतत गोळा करून दूर नेत राहिलो तरच आतले अंगण रिकामे होईल. आणि समजा काळी पिले जावीत, पिवळी मात्र आतच राहावीत अशी आपली इच्छा आहे. कुंपण तर रंग ओळखत नाही. मग काय करावे? बाहेरच्या बाजूला आधीच तितक्याच दाटीने पिवळी पिले सोडून ठेवावी. पिवळे एक बाहेर गेले तर दुसरे आत येईल, आणि काळी तेवढी कमी होत जातील.

मूत्रपिंडाच्या यंत्राचे सारे रहस्य या पिवळ्या पिलांत आहे. पडद्याच्या एका अंगाने रक्त वाहते आणि दुसऱ्या अंगाने एक बनविलेले पाणी. त्या पाण्यात युरिया मुळीच नसतो, म्हणून रक्तातील युरिया तिकडे जातो. मिठातील सोडियम साधारण रक्ताइतकेच असते, म्हणून ते फारसे जात नाही. साखर घातलेली असते, म्हणून रक्तातील साखर टिकते. अशा रुग्णाचे रक्त आम्लाकडे झुकलेले असते, म्हणून सोड्यातील बायकार्बोनेट रक्तापेक्षा अधिक ठेवतात, आणि ते उलट दिशेने आत येते. चांगले कोणते व वाईट कोणते हे पडद्याला ठाऊक नाही. ते ठरविले जाते पलीकडच्या पाण्याच्या पाककृतीत.

आपल्या देहातील मूत्रपिंडाची रीत याहून निराळी, आणि आमच्या मते निर्मात्याच्या चातुर्याची विशेष साक्ष देणारी आहे. दोन्ही मूत्रपिंडांतील सूक्ष्म चाळण्या दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. साखर, मीठ, पाणी, युरिया, जे जे लहान ते ते सारे खाली पडते. मग पुढच्या बारीक नळ्यांतून वाहताना शरीर त्यातील हवे ते वेचून परत घेते, आणि शेवटी लिटर-दीड लिटर लघवी तेवढी बाहेर टाकते. म्हणजे आधी सर्व टाकायचे व मग निवडून परत घ्यायचे. हे निवडणारे हात यंत्राला नाहीत. त्याच्यापाशी केवळ चाळण आहे.

विरघळलेल्या पदार्थांना पडद्याने वेगळे करण्याच्या या क्रियेस ‘डायलिसिस’ हे नाव १८६१ साली टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दिले. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी त्याच्या वडिलांची इच्छा होती. तो झाला रसायनशास्त्रज्ञ, आणि पुढे लंडनच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख. चर्मपत्रासारखा कागद कड्यावर ताणून त्याने चाळणी केली, ती पाण्यावर तरंगत ठेवली आणि तिच्यात लघवी ओतली. तेव्हा खालच्या पाण्यात युरिया उतरला. म्हणजे पुढे जे घडावयाचे त्याचे बीज त्याच्या हाती आले होते. परंतु जिवंत माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचण्यास साठहून अधिक वर्षे लागली. अडचण दुहेरी होती. रक्त शरीराबाहेर काढले की गोठते, आणि पुरेसा लांब, पातळ व न फाटणारा पडदा मिळत नव्हता. १९१३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले द्रव्य वापरावे लागले. जर्मनीत गेओर्ग हास यांनी १९२४ साली प्रथम माणसावर हा उपाय करून पाहिला. पण तो फार थोडा वेळ चालू शकला आणि रुग्णांना तारू शकला नाही.

मग ज्याच्यापाशी साधनांचा सर्वांत मोठा दुष्काळ होता, त्याच्याच हातून हे कार्य झाले. हॉलंडमधील ख्रोनिंगेन येथे विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर १९३८ साली काम करीत होता. त्याच्या हाती सोपविलेल्या रुग्णांत एक बावीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा होता. मूत्रपिंडे निकामी झालेली, दृष्टी गेलेली, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. त्याच्या आईला, काळा पोशाख व पांढरी टोपी घातलेल्या त्या खेडवळ बाईला, तुझा मुलगा वाचणार नाही हे सांगण्याची पाळी कोल्फवर आली. रोज या रक्तातून थोडासा युरिया काढता आला असता तर, हा विचार त्याच्या मनातून पुढे गेलाच नाही.

पडदा त्याला मिळाला खाटिकाच्या व्यवसायातून. मांसाचा खिमा भरून सॉसेज करण्यासाठी सेलोफेनच्या पारदर्शक नळ्या तेव्हा निघू लागल्या होत्या. अशा नळीच्या तुकड्यात कोल्फने थोडे रक्त भरले, त्यात युरिया मिसळला, दोन्ही टोके बांधली आणि ती मिठाच्या पाण्यात हलवीत ठेवली. थोड्याच वेळात जवळजवळ सर्व युरिया बाहेरच्या पाण्यात आलेला आढळला. रक्त न गोठू देणारे हेपारिनही आता उपलब्ध झाले होते.

तोवर जर्मन सैन्याने हॉलंड व्यापले होते. कोल्फ आयसेल नदीकाठच्या काम्पेन या लहान गावातील इस्पितळात निघून गेला. तेथे गावातील मुलाम्याच्या भांड्यांच्या कारखान्याच्या चालकाने त्याला मदत केली. लाकडी पट्ट्यांचा आडवा पिंप करून त्याभोवती कित्येक मीटर सेलोफेनची नळी गुंडाळली. पिंपाचा खालचा भाग मुलाम्याच्या मोठ्या टबात, मिठाच्या पाण्यात बुडालेला. पिंप फिरला की नळीतील रक्त आपल्या भाराने तळाशी राहत राहत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरके. फिरत्या पिंपाला रक्ताची नळी जोडताना ती पिळू नये व गळू नये म्हणून जो जोड केला, त्याची युक्ती फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून सुचलेली होती. १९४३ साली या यंत्राला पहिला रुग्ण जोडला गेला.

आणि रुग्ण मरत राहिले. एक, दोन, पाच, दहा. त्यांतील बहुतेक आधीच मृत्यूच्या दारात पोहोचल्यावर त्याच्याकडे आणलेले असत. यंत्र युरिया काढीत होते, यात संशय नव्हता. माणूस मात्र वाचत नव्हता. दोन वर्षे हे चालले. एवढ्या अपयशानंतर त्या माणसाने पिंप मोडून जळणात का घातला नाही, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

१९४५ च्या सप्टेंबरात, युद्ध संपल्यावर, ६७ वर्षांची एक बाई त्याच्याकडे आणण्यात आली. मूत्रपिंडे बंद पडून ती बेशुद्ध झाली होती. ती आणली गेली होती तुरुंगातून. शत्रूला सामील झाल्याबद्दल तिला कैद करण्यात आले होते, आणि ज्या गावाने पाच वर्षे जर्मनांचा जाच सोसला होता त्या गावात तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळले नसते. कोल्फने तिला यंत्रास जोडले. सुमारे अकरा तासांनी ती शुद्धीवर आली. शुद्धीवर येताच तिने उच्चारलेले पहिले वाक्य नवऱ्यासंबंधी होते, असे कोल्फ पुढे सांगत, आणि ते वाक्य कुटुंबांसाठी निघणाऱ्या या साप्ताहिकात छापण्याजोगे नाही. पुढे तिची मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागली, आणि ती आणखी काही वर्षे जगून दुसऱ्याच कारणाने वारली. कृत्रिम मूत्रपिंडाने वाचविलेले ते पहिले माणूस. कोल्फ स्वतः १९५० साली अमेरिकेस गेले आणि २००९ साली, अठ्ठ्याण्णवावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, निवर्तले.

आज तो लाकडी पिंप नाही. त्याच्या जागी दीड वीत लांबीची एक पारदर्शक नळकांडी असते, आणि तिच्यात केसासारख्या सुमारे दहा हजार पोकळ तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूची पोकळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, आणि त्याची भिंत हाच पडदा. सर्व तंतू उलगडून पसरले तर एका माणसाच्या चटईएवढे क्षेत्र होईल. तंतूंच्या आतून रक्त एका दिशेने वाहते, बाहेरून ते बनविलेले पाणी उलट दिशेने, मिनिटाला सुमारे अर्धा लिटर. चार तासांचे गणित मांडले तर १२० लिटर झाले. शिवाय दाबाचा फरक ठेवून अंगात साठलेले जास्तीचे पाणीही याच भिंतीतून ओढून काढतात. ते फार घाईने ओढले तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात. म्हणून दोन वाऱ्यांच्या मध्ये पाणी मोजून पिण्याचा नियम.

भोके किती मोठी ठेवावी हा वादही अजून संपलेला नाही. जुन्या पडद्यांतून ११,८०० वजनाचे एक लहानसे प्रथिन पार होत नसे. वर्षानुवर्षे ते साचून मनगटांत व सांध्यांत बसे, आणि यंत्रावर जगलेल्या माणसांचे हात बधिर होत. आता भोके मोठी केली आहेत, तर मोलाचे अल्ब्युमिन निसटू नये याची चिंता.

पडदा चांगले-वाईट ओळखत नाही, याची किंमतही माणसाने मोजली आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी आपण तुरटी फिरवितो. शहरांच्या पाणीपुरवठ्यातही ती वापरतात. तुरटीत ॲल्युमिनियम असते. पाणी पिणाऱ्याच्या आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, आणि जे थोडे जाते ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. परंतु तेच पाणी यंत्रात गेले तेव्हा १९७० च्या दशकात अनेक देशांतील रुग्णांची वाचा अडखळू लागली, बुद्धी भ्रमली, हाडे ठिसूळ झाली. युरिया ज्या भोकांतून बाहेर जात होता त्याच भोकांतून ॲल्युमिनियम आत येत होते. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरु या गावी याहून भयंकर घडले. तलावातील निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष पाण्यावाटे यंत्रात पोहोचले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मृत्यू पावले. तुमच्या-आमच्या पोटात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी जाते, तेही आतड्यांच्या पहाऱ्यातून. या रुग्णाच्या रक्ताला आठवड्यास साडेतीनशेहून अधिक लिटर पाणी भिडते, आणि मध्ये पहारा असतो तो एका मुक्या पडद्याचा. म्हणून डायलिसिसच्या खोलीमागे पाणी शुद्ध करण्याची मोठी यंत्रणा असते. आपल्या माणसास जेथे नेता तेथे ती कशी व किती वेळा तपासतात, हे विचारण्यास कोणी भिऊ नये.

आता शहाळ्याकडे येऊ. शहाळ्याच्या पाण्यात साखर थोडी, मीठ थोडे, परंतु पोटॅशियम भरपूर. पेलाभर पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम. पोटॅशियमचे वजन ३९, म्हणजे युरियाहूनही हलके. तेव्हा पडदा त्याला अडवितो असे मुळीच नाही. ते सुखाने पार होते. आपल्या भगिनीच्या यजमानांचे म्हणणे येथपर्यंत अगदी खरे आहे. अडचण निराळी आहे, आणि ती दोन प्रकारची आहे.

पहिली अशी की शरीरातील जवळजवळ सर्व पोटॅशियम, शंभरातील अठ्ठ्याण्णव भाग, पेशींच्या आत कोंडलेले असते. प्रत्येक पेशीभोवती तिचा स्वतःचा एक पडदा आहे, आणि तो यंत्रातील पडद्याहून फार चतुर. तो नुसता आकार पाहत नाही, शक्ती खर्चून पोटॅशियम आत ओढतो व सोडियम बाहेर ढकलतो. यंत्राची गाठ पडते ती फक्त रक्तात असेल त्याच्याशी. साऱ्या रक्तद्रवात मिळून पोटॅशियम असते ते सुमारे अर्धा ग्रॅमच. पेलाभर शहाळ्यात तितकेच. निरोगी माणूस ते पितो तेव्हा पेशी ते तात्पुरते सामावून घेतात आणि मूत्रपिंडे काही तासांत बाहेर टाकतात. मूत्रपिंडे नसतील तर ते जाणार कोठे? ते रक्तात चढते, आणि पोटॅशियम चढले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. पुष्कळदा आधी काही दुखत नाही, खुपत नाही. हृदय एकाएकी थांबते.

दुसरी अडचण काळाची. मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात, यंत्र १२. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्रम असेल तर शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत लांब, आणि या लांब अंतराच्या शेवटी अशा रुग्णांचे मृत्यू अधिक होतात असे मोठ्या पाहण्यांत दिसून आले आहे. आणि आपल्या घरी त्याच अंतरात येतो रविवार: पाहुणे, मटण, खारा बांगडा, फळे, आणि भेटीस येणाऱ्यांची शहाळी. खारे खाल्ले की तहान, तहान लागली की पाणी, आणि ते पाणी सोमवारपर्यंत छातीत व पायांत. सोमवारी यंत्र एकदम सारे पोटॅशियम खेचून घेईल म्हणावे, तर तेही चालत नाही. ते झपाट्याने उतरले तरी हृदय बिथरते. म्हणून त्या बनविलेल्या पाण्यातही थोडे पोटॅशियम मुद्दाम ठेवतात, की पिले धावत सुटू नयेत.

सर्वांनाच यंत्रापर्यंत जाणे शक्य नसते. त्यांच्यासाठी आपल्या पोटातच एक अर्धपार्य पडदा आहे, आतड्यांभोवतीचा. पोटात नळी बसवून दोन लिटर बनविलेले पाणी आत सोडावयाचे, काही तासांनी काढून नवे भरावयाचे, असे दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. ही रीत १९७६ पासून रूढ होत गेली. त्या पाण्यात साखर दाट असते, आणि ती अंगातील जास्तीचे पाणी ओढून घेते, नोले यांच्या मूत्राशयाप्रमाणेच. स्वच्छतेत मात्र तिळभर चूक चालत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस यंत्रावरील उपचार विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. पात्रतेची चौकशी रुग्णालयातच करावी. दलालाची गरज नाही.

आमच्या भगिनीस आणखी एक सांगावयाचे आहे, आणि ते तिच्याच स्वयंपाकघरातील आहे. बटाटा, रताळे, सुरण यांतही पोटॅशियम पुष्कळ, पण ते पेशींच्या पडद्याआड कोंडलेले. नुसते भिजवून ते फारसे निघत नाही. सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळले म्हणजे उष्णतेने ते पडदे फाटतात आणि बराचसा भाग पाण्यात उतरतो. ते पाणी ओतून द्यावे, आमटीत वापरू नये. किती खावे ते मात्र डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितल्याप्रमाणेच. मिठाऐवजी म्हणून जे ‘कमी सोडियमचे मीठ’ विकतात, त्यातील पुष्कळांत सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. ते या घरात आणू नये. आणि कमरख, ज्याला कोकणात करंबळ म्हणतात, ते तर मुळीच नको. त्यात एक वेगळेच विष असते, ते मूत्रपिंडे नसलेल्या माणसाच्या मेंदूवर जाते आणि उचक्या, झटके सुरू होतात.

राहता राहिली खाटेखालची सात शहाळी. ती येत्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गास पाठवून द्यावी. चौदा पेले सहज होतील, आणि मुलांची मूत्रपिंडे शाबूत आहेत. आजाऱ्यास भेटावयास जाणाऱ्यांनी यापुढे हात हलवीत गेले तरी कोणी वाईट मानणार नाही. काही न्यावेसेच वाटले तर सोमवारच्या पहाटेच्या बसला त्यांच्यासोबत जावे. चार तास तेथे बसणारे कोणी मिळाले तर त्या बाईला एक दिवस घरी झोपता येईल.